धडधड थांबते, काळजीचे काय?

बंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर या वसाहतीला एक आगळे भाग्य लाभले आहे. हृदय आणि मन या दोहोंची चिकित्सा करणाऱ्या दोन नामवंत संस्था येथील रहिवाशांना हाकेच्या अंतरावर आहेत. नवव्या ब्लॉकमध्ये, बन्नेरघट्टा रस्त्यावर, श्री जयदेव हृदयरोग संस्था आहे. होसूर रस्त्यावर आहे ती राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘निम्हान्स’. जुने मानसिक रुग्णालय व अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली ती आकारास आली आणि २०१२ साली संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. छातीत अकारण धडधडू लागले, की यांपैकी कोणत्या दारी जावे हा प्रश्न अनेकांना पडतो. विशेष म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांच्याही चिठ्ठीत कधी कधी एकाच गोळीचे नाव आढळते. रक्तदाबासाठी सुपरिचित असलेली ही गोळी म्हणजे प्रोप्रॅनोलॉल.

भय आणि शरीर यांचे नाते मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखलेले आहे. काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, तोंडचे पाणी पळते, हातापायांना कंप सुटतो. ‘काळीज’ आणि ‘काळजी’ हे शब्द तर शेजारी-शेजारीच नांदतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या वाक्प्रचारांत अतिशयोक्ती अशी नाहीच. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, हात थरथरतात. वाघ समोर उभा असता ही सिद्धता प्राणरक्षक ठरते. मुलाखतीच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसलेल्या उमेदवाराला मात्र तिचा काहीच उपयोग नसतो.

अॅड्रेनॅलिनचा संदेश पेशींवरील ‘रिसेप्टर’ नावाची स्थळे स्वीकारतात. ही स्थळे अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारची असावीत, असे अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. (योगायोग असा, की जयनगरची पायाभरणीही त्याच वर्षीची.) या कल्पनेचा धागा पकडून जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने हृदयावरील बीटा स्थळे अडवून धरणारे औषध शोधण्याचा ध्यास घेतला. हृदयाला अधिक प्राणवायू पुरविण्यापेक्षा त्याची प्राणवायूची मागणीच कमी करावी, हा त्यांचा विचार होता. १९६०च्या दशकाच्या मध्यावर प्रोप्रॅनोलॉल उपचारात आले आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला.

हे औषध निर्माण झाले हृदयशूळासाठी; पण १९६६ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चिंतेवरील त्याच्या परिणामाविषयी ग्रॅनव्हिल-ग्रॉसमन आणि टर्नर यांचा लेख आला. धडधड, कंप यांसारखी शारीरिक लक्षणे त्याने कमी होत होती. १९७७ साली त्याच कुळातील ऑक्सप्रेनोलॉल या औषधाचा प्रयोग तंतुवाद्य वाजविणाऱ्या कलावंतांवर झाला. व्हायोलिनचा गज धरणारा हात किंचित थरथरला तरी तो कंप स्वरातून थेट श्रोत्यांच्या कानी जातो. साहजिकच या मंडळींना औषधाचे महत्त्व चटकन पटले. क्रीडाक्षेत्रालाही ते पटले, परंतु वेगळ्या अर्थाने. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याच्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉल आढळले आणि त्याला रौप्य व कांस्य अशी दोन्ही पदके गमवावी लागली. ज्या खेळात हात स्थिर राहणे हेच कौशल्य, तेथे हे औषध निषिद्ध मानले जाते.

एवढे वाचून कोणासही वाटेल, की चिंतेवर रामबाण उपाय सापडला. येथेच थोडे थांबले पाहिजे. आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, तर थरथरतो म्हणून आपल्याला भीती वाटते, असा उलटा विचार विल्यम जेम्स या तत्त्वचिंतकाने १८८४ साली मांडला होता. तो सर्वस्वी खरा असता, तर हृदयाची गती मंदावताच काळजीही संपावयास हवी होती. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ठरावीक प्रसंगाची भीती, म्हणजे भाषण, वादन, मौखिक परीक्षा, असेल तर ही गोळी तासा-दोन तासांत धडधड शमविते आणि पुष्कळांचे काम निभावते. परंतु चारचौघांत वावरण्याचीच सततची भीती असलेल्या रुग्णांवर अॅटेनोलॉलचा प्रयोग झाला, तेव्हा १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते औषध नुसत्या दिखाऊ गोळीहून फारसे सरस ठरले नाही. दिवसरात्र पोखरणाऱ्या चिंताविकारातही बीटा ब्लॉकर गुणकारी असल्याचा पुरावा तोकडाच आहे. तेथे विचारांची घडण बदलणारी समुपदेशन-चिकित्सा किंवा सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी औषधे यांवरच तज्ज्ञांची प्रथम भिस्त असते. मात्र या औषधांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. झटपट उतार देणाऱ्या गोळीचा मोह पडतो तो याच काळात.

प्रॅझोसिन या रक्तदाबावरील दुसऱ्या औषधाची कथाही बोधप्रद आहे. युद्धाचे आघात सोसलेल्या सैनिकांची दुःस्वप्ने त्याने कमी होतात, असे लहान प्रयोगांत दिसले होते. २०१८ साली अमेरिकेतील ३०४ माजी सैनिकांवरील मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष आला, तेव्हा औषध घेणारे आणि दिखाऊ गोळी घेणारे यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

आता जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमधील एका घराची कल्पना करावी. आजोबांच्या औषधाच्या डब्यात प्रोप्रॅनोलॉलची पट्टी आहे. नातीची उद्या मुलाखत आहे आणि तिला आजपासूनच दरदरून घाम फुटला आहे. “अर्धी घे, काही होत नाही,” असे म्हणणारे मायेचे माणूस प्रत्येक घरात असतेच. पण नातीला लहानपणापासून दमा असेल, तर तीच अर्धी गोळी तिच्या श्वासनलिका आवळू शकते. बीटा स्थळे केवळ हृदयात नसतात, फुफ्फुसांतही असतात. डब्यात उरलेली गोळी दुसऱ्यास देणे हा औषधोपचार नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच मुलांना सांगावयास हवे. ही गोळी वैद्यांच्या चिठ्ठीविना घ्यावयाची नाही.

आजोबांनाही सावध राहण्याची कारणे आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली, की धडधड आणि कंप हेच धोक्याचे इशारे असतात. बीटा ब्लॉकर ते इशारे दडपून टाकतो. घाम मात्र फुटतोच, म्हणून अशा रुग्णाने घामाकडे दुर्लक्ष करू नये. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून एकदम बंद केल्यास धडधड उसळून परत येते. हृदयविकार असलेल्यांना छातीत कळा येण्याचा, क्वचित झटक्याचाही धोका संभवतो. ती टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच कमी करावयाची असते. हृदयाची गती मुळातच मंद असणाऱ्यांना ती सोसत नाही. थकवा, गार पडणारे हातपाय, विचित्र स्वप्ने हेही अनुभव येतात. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: प्रोप्रॅनोलॉलचा अतिरेकी डोस अत्यंत घातक असतो. ज्या घरात कोणी निराशेने ग्रासले आहे, तेथे या गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नये आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्या व्यक्तीची मनःस्थिती ठाऊक असावी.

शिवाय धडधडीचे मूळ नेहमी मनातच असते असे नाही. थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, रक्तक्षय, हृदयाच्या लयीतील बिघाड यांची लक्षणे चिंतेसारखीच भासतात. थायरॉइडच्या विकारात तर प्रोप्रॅनोलॉलने बरेही वाटते आणि खरा आजार झाकलेलाच राहतो. खतावणीतील नोंद खोडल्याने देणे फिटत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पहिल्या भेटीतच नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि रक्ततपासणी यांविषयी डॉक्टरांना विचारावे. दमा, मधुमेह व चालू असलेली सर्व औषधे न विसरता सांगावीत. चिंताशामक औषध आणि प्रोप्रॅनोलॉल एकत्र असलेल्या जोडगोळ्याही आपल्या देशात विकल्या गेल्या आहेत. चिंताशामक भागाची सवय लागू शकते, म्हणून वेष्टनावर एक नाव आहे की दोन, हे तपासून घ्यावे.

मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा संकोच अद्यापि मोठा आहे. त्यांच्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली असून तिच्या शिखर केंद्राची जबाबदारी निम्हान्सकडे आहे. १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे, त्यासाठी शुल्क पडत नाही आणि मराठीतूनही बोलता येते.