गाडी आली, थांबा! छोट्यांसाठी वीस मिनिटांचा गोष्टींचा कट्टा

आजचे आपले श्रोते एकदम छोटे आहेत, सहा महिने ते तीन वर्षांचे. त्यांच्यासाठी गाड्यांच्या गोष्टींचा कार्यक्रम कसा आखायचा, ते बघू.

शेलारमध्ये विषय शोधावा लागत नाही. गोदामांकडे जाणारे ट्रक, कंटेनर, टेम्पो, रिक्षा, एसटी, सगळं पोरं रोज बघतात. पण गंमत आणि धोका एकाच रस्त्यावर आहेत. एवढ्या लहान मुलाला गाडी किती लांब आहे, किती जोरात येतेय, हे कळत नाही. म्हणून नुसतं 'पळा पळा' नको, 'थांबा'सुद्धा खेळातच आलं पाहिजे.

वेळ वीस मिनिटं. त्याहून जास्त ताणू नका.

पहिली पाच मिनिटं आवाज. रिक्षा, ट्रकचा हॉर्न, आगगाडी. तान्ही बाळं आईच्या मांडीवर बसून फक्त ऐकतील, तेही चालेल. घरात मराठी असो, हिंदी, उर्दू की तेलुगू, 'पों पों' सगळ्यांना कळतं.

मग एकच गोष्ट, मोठ्या चित्रांची. तीच दोनदा सांगा. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना नाही. पुढे काय होणार हे ओळखण्यातच त्यांना मजा येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात. मोबाईलवर दाखवू नका, प्रिंट काढा. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून सांगतेय.

त्यानंतर खेळ. खोक्यांची रेल्वे करा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीला 14 डबे आणि तीन इंजिनं होती: साहिब, सिंध, सुलतान. आपली तीन मोठी पोरं इंजिन, बाकीचे डबे! खोक्यांच्या पिना आणि प्लास्टिक पट्ट्या आधी काढून टाका. सुटी होणारी छोटी चाकं नकोत, ती थेट तोंडात जातात.

शेवटी लाल कागद दाखवायचा. सगळे थांबतात आणि मोठ्यांचा हात धरतात. हे दर वेळी करा, शब्दही तेच ठेवा: 'गाडी आली, थांबा, हात धरा.' घरी जाताना रस्त्याच्या कडेला आईबाबांनीही हेच म्हणायचं. हात सोडायचा नाही, ही जबाबदारी मात्र मोठ्यांचीच.

जागा अंगणवाडीची असो, मंदिराच्या ओट्याची की कुणाच्या हॉलची, रस्त्याकडचं दार आधी बंद करा. मगच गाडी सुरू!