पाऊस आपल्या हातात नाही, नाला आहे

पालघर जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आला की नालासोपाऱ्यातल्या तळमजल्यांवर फ्रिज विटांवर चढतो, गाद्या माळ्यावर जातात. हे काम लवकर उरकतं. त्यानंतरची रात्र मात्र सरता सरत नाही. रुळांवर पाणी आलं का, गाडी वसईलाच थांबवतील का, घरची माणसं कशी पोचतील? मोबाइल हातातून सुटत नाही. १० जुलै २०१८ ला रूळ बुडाले, लोकल थांबली, वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसं अडकली. ते दिवस काढलेल्यांना ‘उगाच घाबरू नका’ असं सांगणं निव्वळ क्रूरपणा आहे.

त्यांना खरा उपयोग होईल तो अल्बर्ट एलिसचा. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती एपिक्टेटस या एकेकाळच्या गुलाम तत्त्ववेत्त्याचं बोट धरून. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सर्वसामान्यांपर्यंत नेली. एलिसच्या मते घटनेपेक्षा आपला हट्ट जास्त जाळतो. गाडी वेळेवर यावी, ही इच्छा झाली. ती आलीच पाहिजे, नाहीतर मला सहनच होणार नाही, हा हट्ट. इच्छा फसली तर माणूस हळहळतो आणि दुसरी सोय बघतो. हट्ट मोडला की छाती धडधडते आणि सुचायचंच बंद होतं. म्हणून त्या रात्री स्वतःला विचारावं: गाडी बंद पडली तर गैरसोय होईल, भीतीही वाटेल, पण मला ते खरंच सोसणार नाही का? उत्तर मनातल्या मनात न देता कागदावर लिहावं. पहिल्या दिवशी फरक पडत नाही. ही सवय लावून घ्यावी लागते.

वसईजवळच्या पाचूबंदरचे कोळी बांधव दरवर्षी हेच जगतात. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. समुद्र कधी शांत होईल यावर कुणी डोकं शिणवत नाही. फाटकी जाळी मांडीवर घेऊन एकेक भोक सांधलं जातं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, पण तोवर जाळं तयार असतं.

मात्र इथेच एक मोठा धोका आहे. ‘स्वीकारा’ हा सल्ला पाणी तुंबवणाऱ्यांच्या फार सोयीचा आहे. पाऊस आणि भरती कुणाच्याच हातात नाहीत, हे खरं. पण भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, तेव्हा ते थोपवून धरायला मोकळी, सखल जागा लागते. ती भराव घालून बुजवली ती माणसांनी. २०१८ च्या पुरानंतर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या समितीने धारण तलाव सुचवले होते. एकट्या माणसाच्या आवाक्यात ते नाहीत, पण सगळ्या गल्लीच्या आहेत. आपल्या भागातला तलाव कुठवर आला आणि नालेसफाई खरंच झाली का, हे प्रभाग समितीच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारावं, तेही पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता.