डुप्लिकेट आला!

बाजारात ‘डुप्लिकेट’ या शब्दाचा अर्थ एकच. डुप्लिकेट चार्जर, डुप्लिकेट घड्याळ, डुप्लिकेट स्पेअर पार्ट. शिर्डीसारख्या गावात, जिथे रोज हजारो माणसे येतात आणि जाताना काही ना काही विकत घेतात, तिथे हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो. म्हणून मागच्या ईदला, शीरखुर्म्याच्या वाट्या अजून हातात असताना, आमचा भाचा आतल्या खोलीतून ओरडत आला, “मामू, डुप्लिकेट आला! डुप्लिकेट आला!” तेव्हा त्याचे अब्बा सहज बोलून गेले, “आला तर दुकानदाराला परत देऊन ये, बेटा.”

सगळे हसले. आम्ही दोघे नवरा-बायकोही हसलो. पोराच्या चेहऱ्यावर मात्र खरा आनंद होता. त्याच्या मोबाईलमधल्या खेळात एक योद्धा त्याच्याकडे आधीच होता, तोच पुन्हा निघाला होता. आमच्या मनात आले, आहे तेच पुन्हा मिळाले तर यात खुशी कसली? या प्रश्नाचे उत्तर नीट कळायला आम्हाला पुढचे दोन महिने लागले, आणि आमच्या बहिणीच्या घराला ११,७४० रुपये.

ही गोष्ट २०२५ च्या ईदुल फित्रची. ३१ मार्चला ईद आणि लगेच ६ एप्रिलला रामनवमी. शिर्डीत रामनवमीचा उत्सव म्हणजे १८९७ साली उरूस म्हणून सुरू झालेली ती जुनी जत्रा. आजही त्या दिवशी संदलची मिरवणूक निघते. दूल्हेभाईंची प्रवासी गाडी आहे. शिर्डी ते शनिशिंगणापूर आणि परत, हा त्यांचा धंदा. त्या आठवड्यात त्यांना जेवायला वेळ नव्हता. मुलाची दहावीची परीक्षा संपली होती, तो मोकळा होता. घरात जुना मोबाईल एक आणि अब्बांचा एक. अब्बांच्या मोबाईलवर दिवसभर प्रवाशांचे पैसे येत, डिझेलचे जात, फास्टॅग भरला जाई. फास्टॅग भरायचे काम मुलाकडे, कारण अब्बा स्टिअरिंगवर. म्हणून पिन त्याला माहीत. चोरून मिळवलेला नाही, बापाने विश्वासाने दिलेला.

मे महिन्याच्या शेवटी गाडीचे पासिंग आणि विमा भरायचा म्हणून दूल्हेभाईंनी खाते पाहिले तेव्हा पैसे कमी होते. बँकेत जाऊन कागद काढला. ८९ रुपये, १५९ रुपये, ४४९ रुपये, पुन्हा ८९. एकही रक्कम अशी नव्हती की डोळ्यात भरावी. शिंगणापूरच्या दोन फेऱ्यांमध्ये येणाऱ्या पन्नास मेसेजांत ते मेसेज बुडून गेले होते.

बहिणीने आम्हाला बोलावून घेतले. तिला भीती होती की बाप मुलावर हात उचलेल. तसे झाले नाही. दूल्हेभाई इशाची नमाज पढून आले, पोराला समोर बसवले आणि एवढेच म्हणाले, “मला तुझा खेळ समजावून सांग. सगळा. मी ऐकतो.” मग पोराने वहीचे पान फाडले आणि आकडे मांडायला सुरुवात केली. खरे सांगायचे तर त्या पोराला गणितात एवढे रमलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

तो जे सांगत होता ते थोडक्यात असे. या प्रकारच्या खेळांना ‘गाचा’ म्हणतात. शब्द जपानी. तिकडे नाणे टाकून मूठ फिरवली की प्लॅस्टिकच्या गोळ्यात बंद खेळणे पडते, अशी यंत्रे आहेत. मूठ फिरवण्याच्या आवाजावरून ते नाव पडले. कोणते खेळणे पडेल ते आधी कळत नाही. मोबाईलमध्ये यंत्राच्या जागी एक बटण आहे, आपली मुले त्याला ‘स्पिन’ म्हणतात. स्पिन केला की योद्धा किंवा हत्यार निघते. बहुतेक वेळा साधे, क्वचित भारी.

इथपर्यंत आम्हालाही नवीन काही वाटले नाही. आमच्या लहानपणी जत्रेत सोरट असायचेच. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाच्या पुड्या, चार आणे द्या, एक फाडा. वर टांगलेले मोठे बक्षीस सगळ्यांना दिसे, निघे मात्र शिट्टी किंवा फुगा. बबलगमच्या कागदात क्रिकेटपटूंची चित्रे निघत, तीही जमवली. पण त्या काळी तेच चित्र दुसऱ्यांदा निघाले की हिरमोड होई. मग आपले जादा चित्र घेऊन शेजारच्या पोराकडे जायचे, त्याचे जादा आपण घ्यायचे. डुप्लिकेटमुळे दोस्ती व्हायची. आणि दोन-तीनदा तेच निघाले की पोरे कंटाळून तो नाद सोडून द्यायची.

या नव्या खेळांनी नेमका हाच कंटाळा बंद केला. आता डुप्लिकेट वाया जात नाही. तोच योद्धा पुन्हा निघाला की पहिल्यात मिसळतो आणि त्याची ताकद एक पायरी वाढते. देवाणघेवाण नाही, दोस्ताला देता येत नाही. फक्त आपल्याच योद्ध्याला खाऊ घालायचा. त्यामुळे हवे ते पात्र मिळाले की खेळ संपायला हवा, तो तिथून सुरू होतो.

किती प्रती लागतात? भाचा कोणता खेळ खेळत होता ते इथे लिहीत नाही. जगभर गाजलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा २०२० मध्ये आलेला चिनी खेळ उदाहरणाला घेऊ, कारण त्याचे नियम जाहीर आहेत. त्यात पात्राच्या सहा पायऱ्या आहेत. म्हणजे पहिली प्रत आणि वर आणखी सहा, एकूण सात. हत्याराचीही तीच तऱ्हा, पाच प्रती मिसळल्या की ते पूर्ण होते. ‘होंकाई : स्टार रेल’ या त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेळात हाच हिशेब आहे. ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ या जपानी खेळात तर एका पात्राला अकरा प्रती लागतात. ‘क्लॅश रोयाल’ आपल्याकडच्या पुष्कळ घरांत खेळला जातो. त्यातही पत्त्यांची ताकद त्याच पत्त्याच्या जादा प्रतींनी वाढते, आणि दर पायरीला लागणाऱ्या प्रती वाढत जातात.

आता गेन्शिनचा भाव बघा. सर्वांत वरच्या, पाच ताऱ्यांच्या पात्राची शक्यता एका स्पिनला ०.६ टक्के. म्हणजे हजारात सहा. नव्वद स्पिनच्या आत एक पंचतारांकित पात्र मिळण्याची हमी आहे, आणि ही हमी धरून कंपनी सरासरी १.६ टक्के सांगते. मग साधारण ६२-६३ स्पिनला एक. पण ते पात्र आपल्याला हवे तेच असेल असे नाही, ती शक्यता निम्मी. चुकले तर पुढच्या वेळी हवे ते हमखास. (२०२४ मध्ये हा नियम थोडा सैल केला, फार नाही.) हे सगळे जोडले की एका प्रतीला सरासरी ९४ च्या आसपास स्पिन पडतात. सात प्रतींना साडेसहाशेहून जास्त. नशीब अगदीच फिरले तर १,२६०.

पैशात सांगा, असे दूल्हेभाई म्हणाले. तिथेच खरी मेख आहे. स्पिनची किंमत पैशात लिहिलेलीच नसते. एका स्पिनला १६० रत्ने. रत्ने येतात स्फटिकांतून, स्फटिक येतात पैशांतून. सर्वांत मोठी, शंभर डॉलरची थैली घेतली तर ८,०८० स्फटिक, म्हणजे पन्नास स्पिन. साडेसहाशे स्पिनला अशा तेरा थैल्या. आपल्या रुपयांत लाखाच्या वर. एका पात्रासाठी. आणि त्या पात्राची खास सोडत सुमारे तीन आठवडेच चालते, नंतर ते पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. अर्थात फार थोडे लोक सातव्या प्रतीपर्यंत जातात. बहुतेकांचे पैसे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडकतात, कारण एक पायरी चढलेल्याला पुढची दिसत राहते.

दूल्हेभाई बराच वेळ पानाकडे बघत बसले. मग म्हणाले, “शिंगणापूरच्या किती फेऱ्या झाल्या रे?” पोराने मान खाली घातली. त्याने तो हिशेब आधीच केला होता, पानाच्या मागे लिहिलाही होता.

हा प्रश्न आपल्याच घरांचा नाही. जपानमध्ये २०१२ साली ग्राहक खात्याने ‘पूर्ण संच जमवला तरच बक्षीस’ या गाचाच्या प्रकाराला बेकायदा ठरवले आणि कंपन्यांनी तो बंद केला. एकाच पात्राच्या प्रती जमवणे मात्र तसेच राहिले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा बंद पेट्या जुगारात धरल्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिनच्या कंपनीशी दोन कोटी डॉलरची तडजोड केली. सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय असे स्पिन विकायचे नाहीत, अशी अट त्यात आहे. दोन-दोन चलनांमुळे खरा खर्च लपतो, हीदेखील आयोगाची तक्रार होती. आमच्या बहिणीला जे बँकेच्या कागदावर दिसले तेच हे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा नवा कायदा झाला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. गाचात पैसे परत मिळतच नाहीत, मिळते ते चित्र. म्हणून कायद्याच्या भरवशावर आईबापांनी निर्धास्त बसू नये, असे आम्हाला वाटते.

दीनच्या बाजूने काय, हे बहिणीने विचारलेच. सूरह मायदामध्ये शराबसोबत मैसिर आणि फासाच्या बाणांना मनाई आहे, हे मुलांनाही ठाऊक असते. पण मैसिर म्हणजे नेमके काय होते हे फारसे सांगितले जात नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या मांसाच्या वाट्यांवर बाण काढत. दहा बाण. सातांवर एकापासून सातपर्यंत वाटे, तीन कोरे. कोरा बाण निघालेल्याला वाटा नाही, वर उंटाची किंमत त्याच्या माथी. जिंकणारे ते मांस बहुधा गोरगरिबांना देऊन टाकत आणि त्याचा अभिमान बाळगत. तरीही मनाई झाली. शिवाय काय हाती येणार हे माहीत नसताना पैसे मोजणे, याला फिकहमध्ये ‘गरर’ म्हणतात. फुकट खेळणे आणि पैसे टाकून स्पिन करणे यांत फरक आहे, तो करावाच लागेल. फतवा देणे आमचे काम नाही, आपल्या आलिमांना विचारा. मात्र विचारताना ‘मोबाईल गेम चालेल का’ असे मोघम विचारू नका. वर मांडला तसा सगळा हिशेब सांगा.

घरात जे बदलले ते सांगतो. मोबाईलच्या अॅप-दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती चालू केली. पासवर्ड बहिणीकडे. त्याच दुकानात ‘ऑर्डरचा इतिहास’ असतो, तो महिन्यातून एकदा जुम्याला उघडून बघायचा. फास्टॅगसाठी वेगळे छोटे खाते, त्यात हजार रुपयांवर कधी ठेवायचे नाहीत. पैसे परत मागण्याचा अर्जही केला. असा अर्ज पहिल्या ४८ तासांत केला तर आशा जास्त. आमचा उशीर झाला होता, शेवटच्या दोन खरेद्यांचे तेवढे परत आले.

खेळ काढून टाक, असे मात्र दूल्हेभाई म्हणाले नाहीत. आमच्या सौ.ना ते पटले नाही, आणि आम्हालाही त्या रात्री पटले नव्हते. ते म्हणाले, “काढला तर दुसऱ्याच्या मोबाईलवर खेळेल. इथे माझ्यासमोर खेळू दे.”

सुट्टीभर पोरगा गाडीवर क्लीनर म्हणून गेला. शिर्डी-शिंगणापूर, दिवसाला एक फेरी, कधी दोन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पासिंगला श्रीरामपूरला नेली तेव्हा आम्हीही सोबत होतो. आरटीओच्या आवारात रांग मोठी होती. पोराने मोबाईल काढला, दिवसाचा फुकटचा स्पिन केला आणि आमच्यासमोर धरला. तोच योद्धा, पाचव्यांदा.

“डुप्लिकेट?” दूल्हेभाईंनी विचारले.

“हो अब्बा.”

“अजून किती?”

“दोन,” तो म्हणाला, आणि मोबाईल खिशात घालून गाडीची काच पुसायला गेला.