चेरीतालात ताल कुठे आहे?

मुलांनी काय शिकायचं ते विद्यापीठात ठरतं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे जबलपुरात सुरुवातीला ते ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत ठरत होतं. मध्य प्रदेशाने नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ च्या सत्रापासून लागू केलं आणि मेजर, मायनर, वैकल्पिक, व्यावसायिक, आधार पाठ्यक्रम अशी लांबलचक यादी मुलांसमोर आली. त्या वर्षी कागदपत्रांच्या तपासणीला मी बसले होते. एका मुलीला विचारलं, ‘‘बेटा, जैविक खेती का घेतलीस?’’ ती म्हणाली, ‘‘मैडम, दुकान वाले भैया ने जो सबसे ऊपर था वही भर दिया.’’ घरी शेत नाही, परसही नाही. पुढचा मुलगाही जैविक खेतीच. त्याच्या पुढचाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तत्त्वज्ञानाच्या वैकल्पिक विषयात रामचरितमानसाचं व्यावहारिक दर्शन आलं. तेव्हाचे उच्चशिक्षणमंत्री मोहन यादव, आज ते मुख्यमंत्री आहेत. वाहिन्यांवर चार दिवस दोन्ही बाजूंनी धुरळा उडाला. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र वाद वेगळाच होता: गांडूळखत कोण शिकवणार?

सामाजिक उपयोगाचे विषय कोण शिकवतं, याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत सापडत नाही, वर्कलोडच्या रजिस्टरात सापडतं. ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात नवा विषय. वनस्पतिशास्त्राच्या बाईंचे तास आधीच भरलेले. शेवटी जैविक खेती गेली इंग्रजीच्या एका अतिथी विद्वानाकडे. मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला हे भारदस्त नाव आहे, पगार मात्र तेवढा भारदस्त नाही. त्याला तास हवेच होते, कारण तास गेले तर नोकरी जाते. आम्ही मागे हसलो. हा पठ्ठ्या मात्र आधी स्वतः आधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात गेला, तिथल्या लोकांना भेटून सगळं समजून घेऊन आला आणि मग मुलांना तिकडे घेऊन गेला. वर्गात तो खुशाल सांगायचा, ‘‘मलाही हे येत नव्हतं, आता तुमच्याबरोबर शिकतोय.’’ त्या सत्रात त्याच्या तासाला जेवढी हजेरी होती तेवढी माझ्या भूगोलाच्या तासाला नव्हती.

माझ्या वाट्याला आलं ‘सामुदायिक जुड़ाव’, म्हणजे मुलांना समाजात घेऊन जाणं. समाज कुठला, तर मी म्हटलं, चेरीताल.

बावन ताल-तलैयांचं, म्हणजे तळ्यांचं, शहर म्हणून जबलपूर मिरवतं. राणी दुर्गावतीने राणीताल बांधवला, तिच्या दिवाणाने, आधारसिंहाने, आधारताल आणि तिच्या दासीने, रामचेरीने, चेरीताल, असं इथलं शाळकरी पोरही सांगतं. राणी २४ जून १५६४ ला मोगलांशी लढताना नर्रईला पडली. १९५६ साली सुरू झालेलं आमचं विद्यापीठ १९८३ पासून तिचं नाव लावतं. आधारतालात आजही पाणी आहे. राणीतालात क्रीडासंकुल, भंवरतालात बाग, मढातालात बाजार. चेरीतालात घरं आहेत.

प्रकल्पाला मी शीर्षक दिलं, ‘चेरीताल में ताल कहाँ है?’ समितीतल्या एका ज्येष्ठांनी चष्मा वर केला. ‘‘मैडम, यह शीर्षक अकादमिक नहीं लगता.’’ मग मी कागद परत घेतला आणि लिहिलं, ‘नगरीय जलाशयों के भूमि उपयोग परिवर्तन का अध्ययन: चेरीताल के विशेष संदर्भ में’. फाइल त्याच दुपारी मंजूर झाली. ‘के विशेष संदर्भ में’ लावलं की आमच्याकडे काहीही मंजूर होतं.

तळं म्हणजे अभ्यासक्रमात काही नवी गोष्ट नव्हती. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले. यूजीसीचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम यायला त्यानंतर एक तप गेलं. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या डॉ. एराक भरुचांनी लिहिलं. शंभरातले पंचवीस गुण प्रत्यक्ष पाहणीला होते आणि काय पाहायचं त्या यादीत तळं, नदी, डोंगरउतार असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण विषय सगळ्यांना सक्तीचा, म्हणजे सगळ्या शाखांची शेकडो मुलं, आणि त्यांना घेऊन जाणारा एखादाच शिक्षक. सहली कागदावर निघाल्या. त्या काळात मी तपासलेल्या वह्यांमध्ये ‘तळ्याची परिसंस्था’ या आकृतीत तेच बदक, त्याच दिशेला पोहत, वहीमागून वही येत असे. मूळ बदक कुणी काढलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून वैकल्पिक विषयाची मी बाजू घेते. कमी मुलं येतात, आणि कमी येतात तेच बरं आहे. शंभर मुलांना घेऊन गल्लीत शिरलं की मोर्चा वाटतो. दहा-बारा मुलं गेली तर लोक दारात खुर्च्या टाकतात.

खुर्च्या टाकणाऱ्यांत एक मराठी आजी होत्या. जबलपुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे की पुण्याचे पाहुणे मध्येच थांबून अर्थ विचारतात. माझ्या दोन पोरांनी प्रश्नावली उघडली. पहिला प्रश्न, ‘आपकी मासिक आय?’ आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘काय गं, घरात शिरल्या शिरल्या पगार विचारतात का? पाणी तरी घ्या आधी.’’ प्रश्नावली तिथेच मिटली. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी आपणहून तो प्रश्न शेवटी नेला, आणि पुढच्या आठवड्यात काढूनच टाकला, कारण तळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. संशोधनपद्धतीचा पेपर मी कित्येक वर्षं शिकवला. प्रश्नांचा क्रम का महत्त्वाचा असतो हे त्यात इतक्या लवकर कुणाला पटलेलं मला आठवत नाही.

पाणी पिऊन झाल्यावर आजी तळ्यावर बोलल्याच नाहीत, भूकंपावर बोलल्या. २२ मे १९९७, पहाट. देव्हाऱ्यातले देव जमिनीवर आले, सगळी गल्ली अंथरुणातून उठून रस्त्यावर. ‘‘खूप दिवस आम्ही बाहेरच झोपलो रे. आत जायची हिंमतच नाही व्हायची.’’ एका मुलाने विचारलं, ‘‘मैडम, भूकंपाचा आपल्या प्रोजेक्टशी काय संबंध?’’ संबंध होता. बुजवलेल्या तळ्याची, भरावाची सैल जमीन खडकापेक्षा जास्त हादरते. त्या भूकंपानंतर कुठल्या भागाची जमीन किती हादरेल याचे बारीक नकाशे जबलपूरसाठी तयार झाले. देशात असं काम अगदी सुरुवातीला झालं ते इथे. ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात होती, मी दरवर्षी शिकवत होते आणि मुलं दरवर्षी परीक्षेत लिहीत होती. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्याबद्दल ते चाललंय, हे त्या ओसरीवर त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

मग तळं नेमकं कुठवर होतं ते पाहायला जुना नकाशा पाहिजे झाला. खसरा, पटवारी, नक्कल हे शब्द मुलांनी घरात भांडणाच्या वेळीच ऐकलेले. एका कार्यालयात गेलो तर सांगितलं, अर्ज आणा. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने अर्ज लिहायला घेतला आणि ‘महोदय’च्या पुढे अडली. तीन वर्षं पदवीचा अभ्यास करून तिने एकही खरा अर्ज लिहिलेला नव्हता. लिहिला तो हिंदी साहित्याच्या, मागच्या बाकावरच्या एका पोराने. त्याचे वडील कोर्टाबाहेर टंकलेखन करायचे. चार ओळी, एकही शब्द फालतू नाही. त्या दिवसापासून सगळा वर्ग त्याला ‘बड्डे’, म्हणजे मोठा भाऊ, म्हणायला लागला, जबलपुरात यापेक्षा मोठा मान नाही. नक्कल सत्र संपेपर्यंत आली नाही, ती गोष्ट वेगळी. पण अर्ज कुठे द्यायचा, पोच कशी घ्यायची आणि पुन्हा कधी जायचं, हे त्या मुलांना आता येतं.

शेवटी बाह्य परीक्षक आले. त्यांचीही मला दया येते. दिवसभरात त्यांना गठ्ठेच्या गठ्ठे संपवायचे असतात आणि निम्मे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आलेले. एकाच्या ऋणनिर्देशात तर इंदूरच्या कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार तसेच राहिले होते. आमच्या गटातल्या मुलीला त्यांनी विचारलं, ‘‘निष्कर्ष क्या है?’’ ती म्हणाली, ‘‘सर, बरसात में हमारे घर में पानी क्यों भरता है, ये समझ में आया.’’ ते थांबले, मग म्हणाले, ‘‘ठीक है, पर आँकड़े कम हैं.’’ इंदूरच्या प्राचार्यांचे आभार मानणाऱ्याला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले. त्याच्या अहवालात रंगीत आलेख होते.

हे रडगाणं नाही. दुसरीकडे हे काम नीट चाललेलं आहे. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना कर्जतच्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या योजना अभ्यासायला नेलं. पाइप कुठे फुटतो, टाकी का भरत नाही, गावाने कुणाकडे दाद मागायची, हे सगळं गुण मिळणाऱ्या अभ्यासात बसवलं. तिथल्या मुलांची हुशारी वेगळी, साधनं वेगळी, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. तिथे गावात जाणं हे प्राध्यापकाचं काम मानलं गेलं. आमच्याकडे मुलांना चेरीतालात नेलेला वेळ वर्कलोडमध्ये धरत नाहीत. आपल्या वेळेत आणि आपल्या पेट्रोलवर जायचं. यूजीसीने २०२० मध्ये समाजसहभागाच्या विषयाचा आराखडा आणला, त्यात निम्मे श्रेयांक प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला ठेवले. तो वाचून मला बरं वाटलं. शिक्षकाचं ते निम्मं काम कोणत्या रजिस्टरात लिहायचं, तेवढं कुणी सांगितलं तर आणखी बरं वाटेल.

तुमच्या घरात या जूनमध्ये कुणी पदवीला जाणार असेल, तर विषयाच्या नावावर भुलू नका. ‘समाज’, ‘पर्यावरण’, ‘कौशल्य’ ही नावं कुणालाही देता येतात. कॉलेजात जा आणि विचारा: बॅच किती मुलांची, मुलांना बाहेर नेणार का आणि नेणार तर कोण? शिकवणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष भेटायचंय म्हणून सांगा. कुणी पुढे आलं नाही तर सरळ दुसरा विषय घ्या.