आउटपास : परतीचा कागद

जेद्दात पासपोर्ट हरवलेल्या माणसाची चौकशी कधी कधी अकोल्याच्या जुने शहर पोलीस ठाण्यात येऊन पोहोचू शकते. हाती पासपोर्टची झेरॉक्स असली किंवा निदान नंबर पाठ असला, तर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाला संगणकावर नोंद सापडते आणि काम लवकर उरकते. यातले काहीच नसेल, तर हा माणूस खरोखर भारतीय आहे का, हे त्याच्या गल्लीत येऊन विचारावे लागते. मग मोर्णा नदीच्या पश्चिम काठावरच्या एखाद्या घरात पेटी उघडते आणि शाळेचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती बाहेर निघते.

एवढ्या खटाटोपातून मिळते ते आपत्कालीन प्रमाणपत्र. आखातात राबणारी आपली माणसे त्याला ‘आउटपास’ म्हणतात. १९६७च्या पासपोर्ट कायद्याच्या चौथ्या कलमात त्याची तरतूद आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात धरला. कायद्याच्या आधाराशिवाय पासपोर्ट नाकारणे सरकारला अशक्य झाले, म्हणून हा कायदा घाईने आला. भांडण सगळे देशाबाहेर जाण्याच्या हक्काचे होते. घरी परतण्याची सोय त्यात बिनबोभाट येऊन बसली.

परतीचा प्रश्न मात्र फार जुना. हजला गेलेले गरीब हिंदी यात्रेकरू जेद्दाच्या बंदरात पैशांवाचून अडकून पडत. अशा यात्रेकरूंकडे लक्ष द्यायला १८८२मध्ये ब्रिटिशांनी डॉ. अब्दुर रझ्झाक यांना तिथे उपवाणिज्यदूत नेमले. १८८६मध्ये हजच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिले. शेवटी १९२५च्या कायदादुरुस्तीने परतीचे तिकीट किंवा अनामत सक्तीची झाली. सरकारला चिंता यात्रेकरूंची होती की त्यांना परत आणण्याच्या खर्चाची? मला तरी खर्चाचीच वाटते.

मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५मध्ये थांबली. पासपोर्टाऐवजी ‘पिलग्रिम पास’वर होणारी यात्राही २००९पासून बंद झाली, कारण सौदी सरकारने आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला. हजच्या काळात तो यात्रेकरूंची व्यवस्था पाहणाऱ्या मुअल्लिमच्या कार्यालयात जमा करून घेण्याची रीत होती, म्हणून यात्रेकरूच्या हातून हरवण्याची भीती कमी. उमराहच्या यात्रेला गेलेल्याचा पासपोर्ट बहुधा त्याच्याच पिशवीत असतो, आणि मक्केच्या गर्दीत पिशवी कधी खांद्यावरून गेली ते कळतही नाही.

अशा वेळी आधी तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवायची. तिची प्रत, फोटो आणि ओळखीचा जो असेल तो पुरावा घेऊन वाणिज्य दूतावासात अर्ज करायचा. आउटपास फक्त भारतात येण्यापुरता, एकाच फेरीचा. तो घेऊन वाटेत दुसऱ्या देशात मुक्काम करण्याचे मनसुबे रचू नयेत. शिवाय आपल्या सरकारने आत येऊ दिले, तरी समोरच्या सरकारने बाहेर पडू द्यायला हवे. सौदीत त्यासाठी ‘जवाजात’ या पासपोर्ट खात्याची परवानगी लागते, आणि खरा वेळ बहुधा तिथेच जातो.

कामगाराची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा पासपोर्ट पुष्कळदा हरवलेलाच नसतो. मनाई असूनही तो कफीलच्या, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या, कपाटात असतो. कफीलने ‘पळून गेला’ अशी नोंद केली की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, निकामी होतो आणि माणूस लपून जगू लागतो. २०१३मध्ये स्थानिकांना नोकऱ्या राखणाऱ्या ‘निताकत’ योजनेच्या धाकाने सौदी सरकारने अशा लोकांना ३ नोव्हेंबरपर्यंत सवलत दिली, तेव्हा आउटपाससाठी भारतीय दूतावासापुढे रांगा लागल्या. तिकिटालाही पैसे नसलेल्यांसाठी २००९पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. दूतावासाच्या सेवांवर आकारलेल्या छोट्या शुल्कातून तो भरतो, म्हणजे परदेशातल्या भारतीयांचाच पैसा. निघण्यापूर्वी ही माहिती ठळकपणे का दिली जात नाही, हे मला कोडेच आहे.

गावी परतल्यावर नवा पासपोर्ट हवा असेल, तर अकोलेकराचा अर्ज नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत जातो. हरवलेल्या छत्तीस पानी पासपोर्टच्या बदली शुल्क ३,००० रुपये. अर्जात एक प्रश्न असतो : आपण कधी आपत्कालीन प्रमाणपत्रावर भारतात परतला आहात का? असल्यास त्याचा क्रमांक, तारीख, कुणी दिले आणि कारण काय, हे सगळे भरायचे. लाजेपोटी तिथे ‘नाही’ लिहिण्याचा मोह होऊ शकतो. पण जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आउटपासवर परत येणे हा मात्र गुन्हा नाही.