केक नंतर, बुडबुडे आधी!

प्रमोशन झालं, प्रोजेक्ट संपला, नाहीतर कुणाचा बर्थडे आला की पार्टीत एक सीन ठरलेला! केक कापला जातो आणि त्याच क्षणी स्पार्कलिंग वाइनचं बूच उडतं. क्रीमने भरलेल्या तोंडाने सगळे एकेक घोट घेतात, ‘आंबट आहे यार’ म्हणत तोंड वाकडं करतात आणि सगळ्यांनी पैसे काढून आणलेली बाटली अर्धी तशीच राहते. दोष वाइनचा नसतो बॉस, जोडीचा असतो!

गंमत म्हणजे जिथे ही वाइन उत्तम बनते, त्या अर्जेंटिनातही हीच सवय आहे. तिथे ख्रिसमस आणि न्यू इयर येतात भर उन्हाळ्यात. रात्री बाराच्या ठोक्याला ग्लास भिडतात आणि सोबत असतो ‘पान दुल्से’, म्हणजे सुकामेवा घातलेला गोड पाव. थोडक्यात, जेवणभर ही बाटली फ्रिजमध्ये आणि गोडाच्या वेळी टेबलावर. खरं तर हवं नेमकं उलट!

का, ते कळायला मेंडोझाला जावं लागेल. अँडीज पर्वताच्या पायथ्याचा हा कोरडा प्रदेश. पाऊस नावालाच, त्यामुळे द्राक्षमळे पिकतात ते डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. उंचावरच्या मळ्यांमध्ये दिवसा कडक ऊन आणि रात्री मस्त गारवा, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. स्पार्कलिंगसाठी शार्डोने आणि पिनो न्वार ही द्राक्षं जरा लवकरच तोडतात. मग एकदा आंबवून झालेल्या वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती बंद बाटलीत किंवा टाकीत पुन्हा आंबवतात. गॅसला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. झाले बुडबुडे तयार! फ्रान्सच्या प्रसिद्ध मोएत अँड शँडॉन कंपनीला हा प्रदेश इतका पटला, की 1959 मध्ये तिने फ्रान्सबाहेरची आपली पहिली वायनरी मेंडोझातच काढली. मात्र हिला शॅम्पेन म्हणायचं नाही हं! ते नाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या वाइनचंच. इथे म्हणायचं ‘एस्पुमान्ते’.

आता खाण्याचा फंडा. जिभेवर गोड असेल तर कोरडी वाइन आणखी आंबट लागते. खारट आणि तेलकट असेल तर तोच आंबटपणा लिंबू पिळल्यासारखं काम करतो. बुडबुडे तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

म्हणून अर्जेंटिनाच्या टेबलावर ब्रूटची खरी दोस्ती एम्पानादाशी. दिसायला थेट आपली करंजी, पण आत खिमा, कांदा, ऑलिव्ह आणि उकडलेलं अंडं. दुसरा नंबर ‘प्रोव्होलेता’चा, म्हणजे ओरेगानो भुरभुरून निखाऱ्यावर भाजलेल्या जाड चीजचा. समुद्रकाठी जाल तर ‘राबास’, म्हणजे माकुळाच्या कुरकुरीत तळलेल्या चकत्या. ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेली मिलानेसाही झक्कास. निखाऱ्यावरचं बीफ आलं की मात्र तिथले लोक माल्बेक ही रेड वाइन काढतात. बुडबुडेच हवे असतील तर पिनो न्वारची रोझे ट्राय करा.

आणि केकचं काय? त्यासाठी शेजारच्या ब्राझीलकडे वळा. तिथल्या सेरा गाउशा भागात इटालियन स्थलांतरित 1875 पासून येऊन वसले आणि त्यांनी द्राक्षं लावली. तिथली ‘मोस्कातेल’ स्पार्कलिंग गोडसर, सुगंधी आणि अल्कोहोलला हलकी असते. फळं, क्रीम, केक, सगळ्यांशी जमतं तिचं.

हे सगळं फार लांबचं वाटतंय? मग ऐका, 2013 मध्ये शँडॉनने नाशिक भागात बनवलेली स्पार्कलिंग भारतात आणली. मेंडोझाचा फंडा आपल्याकडेही लागू! ब्रूटसोबत गरम बटाटावडा, कोथिंबीर वडी किंवा रवा लावून तळलेली सुरमई घेऊन बघा. फक्त ठेचा जपून, कारण तिखटावर बुडबुडे जास्तच झोंबतात.

बाटली उघडण्याआधी...

• लेबल वाचा. ‘ब्रूट’ म्हणजे कोरडी, ‘डेमी सेक’ म्हणजे गोड. ‘एक्स्ट्रा ड्राय’ या नावावर जाऊ नका, ती ब्रूटपेक्षा थोडी गोडच असते.

• बाटली 6 ते 8 अंश सेल्सिअसपर्यंत गार हवी. अर्धं बर्फ आणि अर्धं पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास पुरे.

• आत कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. त्यामुळे बूच उडवायची स्टाइल नको! बुचावर हात घट्ट धरा आणि बाटली हळूच फिरवा. ‘फट्’ऐवजी ‘फुस्स’ आवाज आला की जमलं.

तेव्हा पुढच्या पार्टीला ऑर्डर बदला. आधी गरमागरम वडे आणि ब्रूट, मग मेणबत्त्या आणि केक. बाटली अर्धी उरणार नाही, आणि घरी जाताना गाडी चालवायचा प्रश्नच नको, कॅब बोलवा. चिअर्स... किंवा अर्जेंटिनाच्या भाषेत, ‘सालूद’!