थंडी ओसरली; येता केव्हा?

माघ निम्मा सरला की जामबागेतल्या आमच्या घरून परभणीला एक पोस्टकार्ड जाते. तिथे माझ्या आत्याबाई असतात. हा रिवाज माझ्या आजीने घातला, तिच्यामागे आईने चालविला, आणि आई गेल्यापासून तो माझ्याकडे आला आहे. पन्नास पैशांचे ते कार्ड, त्याचा मजकूरही बहुतेक ठरलेलाच. आधी हवामान, मग वस्तीतली खबर, आणि अगदी शेवटी, जागा उरली नाही म्हणून कडेने उभे लिहिलेले एक वाक्य : उन्हाळ्याच्या सुटीत कोण, केव्हा आणि कोणत्या गाडीने येणार.

यंदा मी ते कार्ड लिहिले नाही. रोज उठून फोनवर बोलतो, चेहरेसुद्धा पाहतो, मग कार्डाची काय गरज, असे मनात आले. परवा आत्याबाईंचा फोन आला तो माझ्या धाकट्याने घेतला. त्यांनी विचारले, "थंडी कशी आहे रे तिकडे?" पोराने हातातल्या फोनमध्येच पाहिले आणि सांगितले, "सतरा डिग्री, आत्याआजी." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "आकडा आमच्या पेपरातही छापून येतो, बाळा. बापाला दे."

मी फोन घेतला. पण पोराने जे सांगितले त्याहून अधिक मलाही चटकन सुचले नाही. रात्री मग त्या प्रश्नाचा विचार करीत बसलो.

हैदराबादची थंडी ही तशी कवतिकाचीच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या खडकाळ पठारावर वसलेले. त्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि पहाटेला शाल लागते. १९४६च्या जानेवारीत इथला पारा ६.१ अंशांपर्यंत उतरला होता. जुनी माणसे त्या थंडीची गोष्ट सांगत. एरवी आमचा हिवाळा सौम्य. नोव्हेंबरअखेर पंडित मोतीराम-मणिराम संगीत समारोहाला लोक पहिल्यांदा शाली बाहेर काढतात. पंडित जसराजांनी १९७२पासून आपल्या वडिलांच्या आणि थोरल्या बंधूंच्या स्मरणार्थ चालविलेला हा समारोह. मोतीरामजींचा देह १९३४ साली याच शहरात पडला. तिथून जी शाल खांद्यावर येते ती महाशिवरात्रीला उतरते. आमचे तेलुगू शेजारी म्हणतात, शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते. आमच्या घरांतूनही ही म्हण आता मराठी झाली आहे.

या उतरत्या थंडीचे एक लक्षण मात्र गाणाऱ्याच्या घरातच कळते. माघात हवा कोरडी होते. भोपळा आणि लाकूड त्या हवेला ताबडतोब जाब देतात. सकाळी जुळविलेला तंबोरा दुपारी पाहावा तर तारा सरकलेल्या. माझ्या वर्गातली मुले कंटाळतात. पण तंबोरा बिघडलेला नसतो, तो ऋतू बदलल्याची वर्दी देत असतो. गळ्याचेही तसेच. गार, कोरडी हवा छातीत गेली की ज्याची छाती आधीच दुबळी त्याचा आवाज बसतो.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, आयुष्यभर असेच झाले. कार्तिक संपता संपता त्यांचा खोकला सुरू व्हायचा, आणि माघापर्यंत रियाज बंद. घरात तंबोऱ्याला गवसणी चढली की आम्ही मुले समजत असू, आता हिवाळा आला. आत्याबाई लहानपणी अण्णांच्या मागे बसून तंबोरा धरीत. लग्न होऊन परभणीला गेल्या तरी भावाच्या गळ्याची काळजी त्यांच्याबरोबर गेली. पण सासरी, एकत्र कुटुंबात, चारचौघांनी वाचायच्या उघड्या कार्डावर आजी मुलीला काय लिहिणार? मुलगा आजारी आहे असे लिहिले तर मुलीचा जीव टांगणीला. म्हणून आजी हवामान लिही. 'थंडी ओसरली' म्हणजे अण्णा रियाजाला बसू लागला. 'थंडी अजून आहे' म्हणजे खोकला हटत नाही.

हे मला पुष्कळ उशिरा कळले. मी शाळेत असतानाची, १९८०नंतरच्या दशकातली गोष्ट. फाल्गुन लागला होता, दुपारी अंगण तापायला लागले होते, आणि एके दिवशी पहाटे आत्याबाई हातात एक पिशवी घेऊन दारात उभ्या. ना पत्र, ना तार. रात्रभर गाडीत बसून काचीगुड्याला उतरल्या आणि रिक्षा करून थेट घरी आल्या. आजीने त्यांना आत घेतले, पण कशी आलीस म्हणून विचारले नाही. त्या वर्षी अण्णांना फुप्फुसाचा विकार झाला होता आणि ते पंधरा दिवस अंथरुणावर होते. मागे एकदा परभणीला गेलो तेव्हा आत्याबाईंनी जपून ठेवलेली कार्डे मला दाखविली. त्यातले त्या साली आलेले कार्ड मी वाचले. अण्णांच्या दुखण्याचा त्यात एक शब्द नव्हता. यंदा थंडी हटायचे नाव घेत नाही, एवढेच आजीने लिहिले होते. फाल्गुनात!

हवामानानंतर वस्तीतली खबर. तीही अशीच, वरून साधी. कोठी आणि मोअज्जमजाही मार्केट यांच्यामध्ये आमची ही जामबाग. तिची ओळख दोन गोष्टींनी : विवेकवर्धिनी आणि फुले. विवेकवर्धिनीत शिकलेला एकही माणूस नाही असे जुने मराठी घर या शहरात शोधून सापडणार नाही. आत्याबाईही तिथल्याच विद्यार्थिनी. फुलांचा घाऊक बाजार गुडीमलकापूरला गेला, तरी हारवाल्यांनी जामबाग अगदीच सोडलेली नाही. माघात त्यांच्या टोपल्यांतली शेवंती विरळ होत जाते, आणि एक दिवस ओल्या फडक्याखालून मोगरा डोकावतो. आजीच्या कार्डात 'मोगरा आला' हे वाक्य हटकून असे. त्यात कसलाही गुप्त अर्थ नव्हता. लेकीला वास आठवावा, एवढाच हेतू.

आणखी एक खबर नुमाइशीची. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली पब्लिक गार्डनमध्ये सुरू केलेले आणि १९४६पासून नामपल्लीच्या मैदानावर भरणारे हे प्रदर्शन १ जानेवारीला उघडते आणि फेब्रुवारीच्या मध्याला आवरते. म्हणजे नुमाइश आणि थंडी दोघी बरोबरच पाहुण्या येतात आणि जवळपास बरोबरच जातात. काश्मिरी शालवाले सामान बांधू लागले की शालीची गरज संपलेली असते. आत्याबाईंसाठी दर वर्षी तिथून काही ना काही घेतले जाई आणि उन्हाळ्यात ते परभणीला पोहोचते होई.

मग कोणते घर पाडले, कोणत्या वाड्याच्या जागी इमारत उठली, कोणाचा मुलगा पुण्याला गेला आणि आईबापांनाही घेऊन गेला, याची यादी. ही यादी अलीकडे लांबत चालली आहे. १९२२ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पूर्वी संध्याकाळी गाठी पडत ती मंडळी आता शहराच्या चार टोकांना विखुरली. आत्याबाई फोनवर एकेका घराचे नाव घेतात आणि मी 'ते आता इथे नाहीत' असे सांगतो. तिसऱ्या नावानंतर त्या विचारायचे थांबतात.

आणि शेवटी प्रवास. हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत लोहमार्ग गेला तो १९०० साली. आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी याच रुळांवर जमल्या : निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानातून झालेले राज्य भाषेप्रमाणे तीन ठिकाणी वाटले गेले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. आत्याबाईंचे लग्न त्यानंतरचे. पण आजी म्हणे, मुलगी परराज्यात दिली असे कधी वाटलेच नाही, कारण गाडी तीच होती. गंमत अशी की हे अजूनही खरे आहे. राज्ये वेगळी झाली, मीटरगेजचा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला, २०१४ साली तेलंगणही निराळे झाले. पण नांदेड रेल्वे विभाग सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण-मध्य रेल्वेचाच आहे.

अजिंठा एक्स्प्रेस हैदराबादहून संध्याकाळी निघते आणि मध्यरात्र उलटल्यावर परभणी येते. वाटेत बासरजवळ गोदावरी लागते. पुलावर गाडीचा आवाज पालटला की झोपेतली माणसे उठून सरस्वतीला आणि गोदामाईला हात जोडतात. बासरच्या ज्ञानसरस्वतीसमोर वसंत पंचमीला मुलांना पहिले अक्षर गिरवायला बसवतात. माझ्या दोन्ही मुलांचा श्रीगणेशा तिथलाच.

पण त्याच मुलांना आता परभणी नको असते. तिथे ऊन फार, फोनला रेंज कमी, आणि आत्याआजींचे काही शब्द कळत नाहीत, ही त्यांची कारणे. इकडच्या शाळा मार्चच्या मध्यापासून अर्ध्या दिवसाच्या होतात आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुटी लागते. महाराष्ट्रातल्या शाळांना सुटी मेच्या आरंभी. त्यामुळे आमची मुले तिकडे पोहोचतात तेव्हा तिथली भावंडे शाळेत. ही सबबही सोयीची. एका वर्षी एकाचा शिकवणीचा वर्ग, दुसऱ्या वर्षी विमानाची सहल, असे करता करता दोन उन्हाळे गेले. अण्णा चौऱ्याऐंशीचे, आत्याबाई ऐंशीच्या. दोघे दोन वर्षांत समोरासमोर बसलेले नाहीत. फोनच्या पडद्यावर दोघांनाही एकमेकांचे नीट ऐकू येत नाही, आणि अण्णा पाच मिनिटांत फोन परत देतात.

हे सगळे त्या रात्री डोळ्यांपुढे आले आणि मला माझीच शरम वाटली. आत्याबाईंनी थंडीबद्दल विचारले तेव्हा त्या दोन प्रश्न विचारीत होत्या. अण्णा गातो का? आणि, येता केव्हा? मी एकाचेही उत्तर दिले नव्हते.

शिवरात्रीनंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी आतल्या खोलीतून तंबोऱ्याचा आवाज आला. अण्णांनी गवसणी स्वतःच काढली होती. जुळवायला त्यांना पुष्कळ वेळ लागला, बोटे थरथरतात. मग त्यांनी वसंत सुरू केला. हा राग उत्तरांगाचा, त्याचे सारे वैभव तार षड्जापाशी. म्हाताऱ्या छातीची तो परीक्षाच पाहतो. पहिल्यांदा षड्जावर आवाज फाटला. अण्णा थांबले, पाणी प्याले आणि पुन्हा लावला. या खेपेस तो क्षणभर उभा राहिला. सगळे मिळून सात-आठ मिनिटे गायले असतील. धाकटा दारात येऊन उभा होता. त्याने हातातला फोन बाजूला ठेवलेला मी पाहिला. त्याने विचारले, "आजोबा, हे आत्याआजींना येतं?" अण्णा म्हणाले, "माझ्यापेक्षा तिच्या जास्त ध्यानात असेल. तिलाच विचार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परभणीला कळवून टाक, थंडी गेली म्हणून."

रेल्वेचे आरक्षण पूर्वी चार महिने आधी खुले होई. १ नोव्हेंबर २०२४पासून ते साठ दिवसांवर आले आहे. म्हणजे २५ एप्रिलच्या गाडीची तिकिटे २४ फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता. त्या दिवशी सकाळी मी आणि थोरला दोन फोन घेऊन बसलो. पाच तिकिटे मिळाली. अण्णांना खालची जागा मिळाली, धाकट्याला वरची. थोरला अजून थोडा घुश्शात आहे. त्याचे काही आम्ही ऐकले नाही.

डॉक्टरांना विचारले. त्यांनी औषधे बरोबर ठेवा आणि दुपारचे बाहेर पडू देऊ नका, एवढेच सांगितले. फलाटावरच्या जिन्याची मात्र काळजी आहे. चाकाची खुर्ची सांगून ठेवावी लागेल.

मग पोस्टात जाऊन कार्ड आणले आणि लिहायला बसलो. थंडी ओसरली. नुमाइश आवरली. मोगरा अजून यायचा आहे, पण हारवाला म्हणतो आठवड्याभरात येईल. कडेने, आजीच्या रीतीने, गाडी आणि तारीख लिहिली. गाडी मध्यरात्रीनंतर येते, स्टेशनावर येण्याचा त्रास घेऊ नये, हेही लिहिले.

चौथ्या दिवशी फोन आला. आत्याबाईंनी कार्ड सुनेकडून दोनदा वाचून घेतले होते. "अण्णाची शाल बरोबर घे," म्हणाल्या, "गाडीत पहाटे गार लागतं. आणि स्टेशनावर मी येणारच. दोन वर्षं थांबले आहे, रात्री दोन तास थांबायला मला काय होतंय?"